गौरीचं मेहूण

मेहूण म्हणून कोण येणार आहे हे स्वप्नालीला कळलं, तेव्हा पुरण वाटून झालं होतं, कटाच्या आमटीला उकळी फुटली होती आणि कुणाला नको म्हणायची वेळ टळून गेली होती. गुरुप्रसादने हे मुद्दाम केलं होतं. थोरला दीर म्हणून त्याच्या अंगात जे काही गुण होते, त्यात योग्य वेळी गप्प बसायचा गुण पहिला होता.

"देवस्थळींना सांगितलंय," तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. "श्रीनिवास आणि शुभदावहिनी. तासाभरात येतील."

स्वप्नालीच्या हातातली कुरडई तेलात पडायच्या आधीच थांबली. "माझे साहेब?"

"साहेब जुरोंग आयलंडवरच्या प्लँटमध्ये. आज ते गौरीचं मेहूण."

"दादा, उद्या चौकशी आहे."

"म्हणून तर आज," गुरुप्रसाद म्हणाला आणि हॉलमध्ये निघून गेला.

सरपोतदारांच्या घरात कुठलीही भानगड चार भिंतींत बसून, जेवूनखाऊन मिटवायची, असा गुरुप्रसादचा खाक्या होता. सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत वीस वर्षं काढून, इथला कायमचा रहिवासी होऊनही त्याचा जेवणावळीवरचा विश्वास तसूभर ढळला नव्हता. माणूस आपल्यातला आहे ना, मग पाटावर बसवा, पानात तूप वाढा, सगळं सुरळीत होतं! नात्यातली दोन लग्नं त्याने जुळवली आणि एक मोडता मोडता वाचवलं, ते सगळं याच रीतीने. पण भाजलेल्या माणसाचं प्रकरणही पुरणपोळीने मिटेल असं वाटणं, म्हणजे अगदीच टोक झालं.

प्रकरण घरात एव्हाना सगळ्यांना पाठ होतं. आठवड्यापूर्वी प्लँटमध्ये शटडाऊनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्तीचं काम चाललं होतं. एका पाइपलाइनमध्ये वाफ आणि उकळतं पाणी कोंडलेलं होतं. शिफ्ट स्वप्नालीची होती. लाइन थंड होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असं तिने कंत्राटदाराच्या सुपरवायझरला त्याच्या केबिनमध्ये जाऊन बजावलं. ती तिथे उभी असतानाच त्याचा फोन वाजला. त्याच्या एका हातात चहा होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. "काम अडलंय तुमचं. मॅडमचं राहू दे, तिच्याशी मी बोलतो. उघडा लाइन," असं देवस्थळी इंग्रजीत स्वच्छ बोलले. स्वप्नाली 'थांबा' म्हणत बाहेर धावली, तोवर सुपरवायझरने केबिनमधूनच वॉकीटॉकीवर हुकूम दिला होता. अन्बु नावाच्या तमिळ फिटरने बोल्ट सैल केले आणि उकळतं पाणी त्याच्या छातीवर आलं.

आता प्लँटमध्ये सगळे म्हणत होते की अन्बुने कुणालाही न विचारता लाइन उघडली. सुपरवायझरने कानावर हात ठेवले होते. फोन ऐकलेलं तिसरं माणूस म्हणजे स्वप्नाली, आणि उद्या सकाळी चौकशी करणारे तिला काय ते विचारणार होते.

बरं, नुसती नोकरीच जाणार असती तर ती खुशाल गेली असती. पण सरपोतदारांच्या धाकट्या पातीचा सगळा संसार स्वप्नालीच्या एका नोकरीच्या पासवर उभा होता. नवरा धनेश आणि मुलगी तन्वी तिच्यावर अवलंबून म्हणून इथे राहत होते, सासूबाईंचा लाँग टर्म पासही तिच्याच पगाराच्या जोरावर मिळालेला. पासची मुदत नोव्हेंबरात संपत होती आणि नूतनीकरणाची शिफारस कुणाच्या हातात? देवस्थळींच्या.

धनेश ओट्याशी पोळ्या लाटत होता. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तो बायकोमागे इथे आला होता आणि नात्यातल्या सगळ्यांनी त्याला 'गृहलक्ष्मी' म्हणून चिडवून झालं होतं. त्याच्या पोळीला नावं ठेवायची मात्र कुणाची छाती नव्हती.

"तुला माहीत होतं?" स्वप्नालीने विचारलं.

"सकाळी कळलं." त्याने मान वर केली नाही. "स्वप्ना, एक बोलू? म्हणून टाक ना, आठवत नाही. एका दिवसापुरतं. तन्वीची ओ लेव्हलची परीक्षा तोंडावर आली आहे. आईचं इथं बस्तान बसलंय."

"आणि तुझं?"

"माझं सोड. मी काय, कुठंही पोळ्या लाटीन." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "भीती वाटते गं मला. तेवढंच सांगतोय."

तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. तिलाही भीती वाटत होतीच की! रात्री अंथरुणावर पडलं की तिच्या डोळ्यांसमोर सामानाची खोकी उभी राहायची. पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिला अन्बुची गावाकडची बायको व्हिडिओ कॉलवर दिसली होती. ती नुसती मोबाइल धरून बसली होती, आणि तो चेहरा स्वप्नालीचा पिच्छा सोडत नव्हता.

"साहेब आले!" बाहेरून गुरुप्रसादची बायको प्रणिता ओरडली.

देवस्थळी तसे माणूस म्हणून वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. मूळचे सांगलीचे, गडगडाटी हसणारे, प्लँटमध्ये कुणाचा वाढदिवस विसरायचे नाहीत. स्वप्नालीला शिफ्टची जबाबदारी द्यायला वरचे कुरकुरत होते, तेव्हा तेच तिच्या बाजूने भांडले होते. आज ते रेशमी कुडता घालून, सोनचाफ्याची फुलं घेऊन आले होते. सिंगापुरात सोनचाफा कुठून पैदा केला कोण जाणे. शुभदावहिनी मागोमाग. त्या इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत शिकवत आणि तन्वीला 'ण' आणि 'ळ' त्यांनीच म्हणायला लावले होते.

गौरी खिडकीशेजारी उभ्या होत्या. साड्यांच्या आतले स्टँड म्हणजे सासऱ्यांनी, शामकांतांनी, जहाजाच्या इंजिनरूममध्ये फावल्या वेळात वळवलेले पाइप. ते गेल्यापासून सासूबाई, विद्याताई, सणाच्या दिवशी स्वयंपाकघराबाहेर येत नसत. दोन्ही सुनांनी शंभरदा सांगून पाहिलं होतं. "राहू दे गं, मला इथूनच सगळं दिसतं," असं म्हणून त्या ओट्याशेजारच्या स्टुलावर ठाण मांडून बसत, आणि खरोखरच त्यांना तिथून सगळं दिसत असे.

स्वप्नालीने मेहुणाचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. आपल्या साहेबाचे पाय आपल्या हाताने धुवायचे! देवस्थळींनाही क्षणभर अवघडल्यासारखं झालं, पण ते लगेच सावरले. "अगं राहू दे, राहू दे," म्हणत त्यांनी पाय मात्र पुढे केले.

जेवण छान चाललं होतं. देवस्थळींनी सोळा भाज्यांच्या भाजीतल्या भाज्या ओळखायचा खेळ केला, पोळीला तीनदा वा म्हटलं, आणि पोळी धनेशची आहे हे कळल्यावर "मग तर आणखी एक हवी" म्हणून हसवलं. गुरुप्रसाद खुशीत येऊन पंखा आपल्या हाताने त्यांच्याकडे वळवत होता. प्रणिता पुरणाचं ताट घेऊन आग्रह करत होती. स्वप्नालीला वाटलं, कदाचित ते काही बोलणारच नाहीत. नुसतं मीठ खाऊन जातील आणि त्या मिठाचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवतील.

पण देवस्थळींनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि आमटीच आणखी मागावी इतक्या सहज विचारलं, "मग, उद्याचं काय ठरलं?"

स्वप्नालीने त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

"ठरायचं काय, सर? विचारतील ते सांगायचं."

"सांग की. मी कुठं तुला खोटं बोलायला लावतोय?" त्यांचा स्वर अगदी घरचा होता. "पण केवढी गडबड, मशिनांचा आवाज, कोण काय बोललं ते माणसाच्या लक्षात राहतंय का? फोन आला होता का, आठवत नाही. कुणाचा होता, आठवत नाही. बस. यात पाप नाही, स्वप्नाली."

"अगदी रास्त," गुरुप्रसाद म्हणाला.

"अन्बुचं काय मग?"

"त्याची सगळी नीट व्यवस्था होतेय. मी स्वतः बघतोय."

"व्यवस्था दवाखान्याची होतेय, सर. स्वतःच्या बेपर्वाईने भाजून घेतलं, असा शिक्का घेऊन तो गावी जाईल. त्याला पुन्हा कोण दारात उभं करणार आहे?"

शुभदावहिनींचा घास हातात राहिला. "कसला फोन?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "तुम्ही तर म्हणालात, त्या मुलाने आपणहून उघडलं."

"तू जेव," देवस्थळी म्हणाले.

नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजली आणि तन्वी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, पाठीवर दप्तर घेऊन आत आली. पाटावरच्या दोघांना पाहून तिने "हॅलो अंकल, नमस्ते टीचर" म्हटलं, मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघून थबकली. "व्हाय एव्हरीबडी सो क्वाएट?"



देवस्थळींनी आवाज खाली आणला. गडगडाट सगळा निघून गेला आणि मागे एक दमलेला, घाबरलेला माणूस राहिला. "हे बघ, माझी इथली पंचवीस वर्षं या एका फोनवर जातील. मी त्या पोराला मुद्दाम भाजलं का? लाइन थंड झाली असेल असं वाटलं मला. चूक झाली. पण त्यासाठी मी बुडू? तुला वर काढायला मीच उभा राहिलो होतो. तेवढं तरी आठवतंय ना?"

"ते आठवतंय, सर," स्वप्नाली म्हणाली. "तेही कुणी विचारलं तर सांगेन. पण फोनही आठवतोय. 'मॅडमचं राहू दे' म्हणालात तेही आठवतंय. मला सगळंच्या सगळं आठवतंय, आणि उद्या मी ते सगळंच्या सगळं सांगणार आहे."

"स्वप्नाली!" गुरुप्रसाद ओरडला. "पाटावर बसलेत ते! गौरीसमोर मेहुणाशी असं बोलतात?"

"पाटावर तुम्ही बसवलंत, दादा. मी नाही." तिने तुपाची वाटी उचलली. "सर, तूप वाढू? पोळी कोरडी खाऊ नका."

तूप तिने भरपूर वाढलं. जेवायला बसलेल्या माणसाला उपाशी उठवायचं नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण जेवू घालणं वेगळं आणि लाचार होणं वेगळं, आणि यातलं दुसरं तिच्याच्याने होणार नव्हतं.

देवस्थळींनी पोळी टाकली नाही, पण ती त्यांच्या घशाखाली कशी उतरली ते त्यांनाच ठाऊक. हात धुऊन झाल्यावर स्वप्नालीने दोघांच्या हातात विडा ठेवला. शुभदावहिनींची ओटी भरली. मग ती खाली वाकून दोघांच्या पाया पडली. तिचं हे वाकणं गौरीसाठी होतं. कुणी त्याचा भलता अर्थ लावला तर लावो. शुभदावहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. निघताना त्यांनी नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दारात चपला घालता घालता देवस्थळी म्हणाले, "नोव्हेंबर काही फार लांब नाही, स्वप्नाली. तुझं एकटीचं असतं तर गोष्ट वेगळी. पण हे सगळं घर तू उचलून विमानात बसवणार आहेस, याचा विचार कर."

स्वप्नाली तोंड उघडणार, इतक्यात मागून आवाज आला. "देवस्थळी, पोटभर जेवलात ना?"

विद्याताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. थेट गौरीसमोरून, हात पदराला पुसत, त्या दारापर्यंत चालत आल्या. प्रणिताच्या तोंडून "आई?" एवढंच निघालं.

"हो काकू. तृप्त झालो."

"मग आता ऐका. माझ्या घरात बसून, माझ्या सुनेच्या हातचं जेवून तिला धमकी द्यायची नाही. द्यायची असेल तर ऑफिसात द्या. तिथं उत्तर द्यायला ती समर्थ आहे." त्यांनी दार स्वतःच्या हाताने उघडून धरलं. "या आता."

मराठीत निरोप देतानाही 'या' म्हणतात. पण हा कायमचाच निरोप होता, यात कुणालाही शंका राहिली नाही.

लिफ्ट खाली गेली आणि गुरुप्रसादचा बांध फुटला. "झालं समाधान? एवढं जुळवून आणलेलं मातीत घातलंस! आई, तू तरी हिला चार शब्द सांगशील असं वाटलं होतं मला. उद्या पुण्याला जाऊन काय करणार आहेस?"

"मला नाहीच जायचं पुण्याला," विद्याताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मी कशाला खोटं बोलू? सकाळी खाली बागेत माझ्या बरोबरच्या बायका आहेत. एक चिनी आहे, तिला मी चकली शिकवली. इथं मला रस्ता एकटीने ओलांडता येतो. तिथं बंद फ्लॅटमध्ये मी कुणाशी बोलू? जीव तुटतोय माझा. पण तिला आठवतंय तर आठवतंय. तिच्या डोक्यात हात घालून मी ते पुसून काढू का?"

"मग भोगा!" गुरुप्रसादने स्वतःच्या घरी जायला गाडीची किल्ली उचलली. "प्रणिता, चल."

प्रणिता उष्टी पानं उचलत होती. ती "आले" म्हणाली, पण जागची हलली नाही.

धनेश इतका वेळ खांबासारखा उभा होता. आता तो पुढे आला, स्वप्नालीला दंडाला धरून टेबलाशी बसवलं आणि तिच्यासमोर ताट ठेवलं. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्याने गरम पोळी वाढली, तूप सोडलं आणि समोरची खुर्ची ओढून बसला.

"मघाशी मी तुला जे म्हणालो ते मागे घेतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझी पोळी खातो, वा वा करतो, आणि माझ्याच घरात माझ्या बायकोला सांगतो, विसर! भीती अजून वाटतेय मला. पण आता राग जास्त आलाय. तू जेव, आणि जेवता जेवता तयारी करू. मी चौकशीवाला."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या तिथं अडखळलीस तर ते लोक तुला गुंडाळून टाकतील. तन्वी, तू पण बस इथं. तुझी परीक्षा आहे आणि शाळाही तुझीच सुटणार आहे, तर तुलाही कळू दे कशासाठी."

तन्वी दप्तर खाली ठेवून आईशेजारी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हनुवटी वर होती. "मम्मा, तू नीट सांग हं. एनीहाऊ, कसंतरी सांगू नको लाह. बिचारा तो अंकल अजून हॉस्पिटलमध्ये आहे."

स्वप्नालीला त्या सिंगापुरी 'लाह'ने एकदम भरून आलं. या शहरात वाढलेलं तिचं पोर, आणि हे शहर तिच्याकडून कदाचित आपणच काढून घेणार. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि मोठा घास घेतला.

"मॅडम," धनेशने सुरू केलं. त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला, मग जमला. "त्या दिवशी लाइन उघडा असं फोनवर कोण म्हणालं?"

"श्रीनिवास मनोहर देवस्थळी. माझे साहेब."

"फोन स्पीकरवर होता. आवाज त्यांचाच होता कशावरून?"

स्वप्नालीने क्षणभर विचार केला. मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि तिने ताटावरून मान वर उचलली. "कारण काल दुपारी ते आमच्या घरी जेवायला आले होते. त्याच आवाजात, गौरीसमोर पाटावर बसून त्यांनी मला सांगितलं की फोन आठवत नाही म्हण. आणि चूक झाली असंही ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले."

धनेशही चौकशीवाला असल्याचं विसरून तिच्याकडे बघत राहिला. दाराशी एका पायात बूट चढवलेला गुरुप्रसाद जागीच थिजला. जेवणावळ त्याने मांडली होती. माणूस त्याने आणून बसवला होता. आठवडाभर स्वप्नाली एकटी होती, तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. आता ते बोलणं ऐकलेली माणसं घरभर होती, आणि ती गोळा करणारा तोच होता.

"हे तुम्ही म्हणता, मॅडम," धनेश सावकाश म्हणाला. "ऐकलेलं आणखी कुणी आहे?"

"उगाच काहीतरी वेड्यासारखं..." गुरुप्रसादने सुरुवात केली. "घरातलं घरात राहतं. मेहुणाचं बोलणं कुणी बाहेर नेतं का? प्रणिता, निघ म्हटलं ना!"

प्रणिताने ताटांचा ढीग सिंकमध्ये ठेवला. हात धुतले, नॅपकिनला पुसले. बावीस वर्षं ती या माणसाच्या मागोमाग चपला घालत आली होती. आज ती सरळ टेबलाशी आली आणि खुर्ची ओढून जावेला लागून बसली.

"मी आहे," ती धनेशला म्हणाली. "पुरणाचं ताट घेऊन मी त्यांच्या समोर उभी होते. शब्द न् शब्द ऐकलाय मी. विचारा मला."